तीन आरोळ्यांचा मुलगा

गाथोनी भित्री होती. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं आणि तिलाही त्याची फारशी लाज नव्हती. बाकीच्या बायका टोपलीत शेणखताखाली काडतुसं घालून होमगार्डच्या नाकासमोरून जायच्या, वर त्याची चेष्टाही करायच्या. गाथोनीला ते नुसतं बघूनच घाम फुटायचा. तिच्या घरातून गोऱ्यांशी लढायला रानात गेली ती एकटी न्दुता, तिची मुलगी, आणि तीही आईला न विचारता. रताळी खणायला म्हणून निघाली ती परत आलीच नाही. पुढे कुणीतरी सांगितलं की तिच्या खांद्यावर आता बंदूक असते. त्या दिवशी गाथोनीला घास गिळवला नाही.

बाळंतपणाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे तिचा हात कधी कापला नाही. मूल आडवं असो, पायाळू असो, गाथोनी येऊन बसली की बाळंतिणीचा अर्धा जीव भांड्यात पडायचा. म्हणूनच आज ती खंदकावर नव्हती.

खंदक म्हणजे गावाभोवतीचा. उतारावरची सगळी घरं जाळून गोऱ्या साहेबाने माणसांना एका कुंपणात आणून कोंबलं होतं. भोवती खोल खंदक, खंदकात बांबूच्या टोकदार अणकुच्या, आणि हे सगळं खणायचं कुणी, तर बायकांनी. ज्यांना कोंडायचं त्यांच्याच हातात फावडी दिली होती. वर काठावर बंदूक घेऊन उभे राहायला आपल्याच गिकुयू जमातीतले, साहेबाने बंदुका दिलेले होमगार्ड. गाणं म्हणायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, शिंग फुंकायचं नाही. रानातल्या पोरांना इशारा जाईल म्हणून साहेबाने गावाचं तोंडच शिवून टाकलं होतं. एक जन्माची आरोळी तेवढी सोडली होती, कारण होमगार्डच्या बायकाही बाळंत होतच होत्या.

आज बाळंत होणार होती ती होमगार्डचीच बायको. मुरिंगो. तिचा नवरा कामुन्या वाईट माणूस नव्हता, पण ठाण्याचं धान्य खात होता आणि ठाण्याची बंदूक वागवत होता. त्यांना एक मुलगी होती. तिच्या पाठीवर दोन मुलगे झाले आणि दोन्ही दात यायच्या आत गेले. तेव्हापासून कामुन्या रात्री-अपरात्री उठून झोपलेल्या मुलीच्या नाकाशी हात धरून बघायचा, असं त्याची आई काबुरा सांगायची.

आणि त्याला काय ठाऊक, की तो बायकोशी जे बोलतो ते तीन दिवसांत रानात पोचतं. रानातल्यांना मदत करायची बायकांची शपथ मुरिंगोने घेतली होती.

दुपारी शेतात जायला फाटक उघडलं आणि बंद झालं. थोड्या वेळाने वायरुरी पाण्याचं मडकं घेऊन झोपडीत आली. शेतातून रानापर्यंत निरोप पोचवायचं काम तिचं. काबुरा बाहेर चुलीवर आंबील ढवळत होती. वायरुरीने मडकं ठेवलं आणि गाथोनीच्या कानाशी वाकली.

"नदीकाठच्या उंबराच्या मुळांत खाणं ठेवलंय. मका, घेवडा, भाजलेली केळी. संध्याकाळी येतील न्यायला."

"मला कशाला सांगतेस?" गाथोनी म्हणाली. "मला काही सांगू नकोस."

"तुलाच सांगायचंय, मावशी. मुरिंगो अडलीये हे मी त्यांना कळवलंय. ते वरच्या घळीत बसून कान लावतील. तीन आरोळ्या ऐकल्या, तर आल्या वाटेने परत. पाच ऐकल्या, नाहीतर काहीच ऐकलं नाही, तर खाली उतरतील."

मुलगा झाला की पाच आरोळ्या, मुलगी झाली की तीन, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आरोळी संपायच्या आत बाप ऊस तोडायला धावतो, पाचाला पाच, तिनाला तीन.

"म्हणजे माझ्या तोंडावर ठेवलंत तुम्ही सगळं. विचारलंत का मला?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मुलगी झाली तर?"

"तर पोरं एक दिवस उपाशी राहतील. मरणार नाहीत."

"आणि मुलगा झाला आणि धोका असला तर?"

"तसं कशाला होईल? आज नदीकडे कुणी फिरकणार नाहीये. मुरिंगोनेच सांगितलंय."

मुरिंगोने पडल्या पडल्या मान हलवली.

"येणार कोण आहे?" गाथोनीने विचारलं. हे विचारायला नको होतं, हे तिला विचारता विचारताच कळलं.

वायरुरीने रिकामं मडकं उचललं. "न्दुता," ती म्हणाली. "आणखीही आहेत. पण पुढे न्दुता असते." आणि ती खंदकावर निघून गेली.

गाथोनीने एरंडेल हातावर घेतलं आणि मुरिंगोचं पोट चोळायला लागली. तिची मुलगी आज पाऊण कोसावर असणार होती. दीड वर्षात इतक्या जवळ ती आली नव्हती. जाऊन तिला बघावं असं काही गाथोनीच्या मनात आलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं की न्दुता आज आजारी पडावी, तिच्या पायात काटा मोडावा, तिने येऊच नये.

ऊन कलायला लागलं तेव्हा झोपडीच्या भिंतीवर बाहेरून कुणीतरी टकटक केलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने यायचं नाही, म्हणून कामुन्या भिंतीला तोंड लावून बोलत होता.

"मुरिंगो, जागी आहेस ना? ऐक. मला थांबता येणार नाही. मुखिया गितोंगाने आत्ताच सगळ्यांना बोलावलं. नदीवर दबा धरायचाय, उंबराच्या जवळ. ऊन टेकडीवरून उतरलं की निघायचं. कुणापाशी बोलू नकोस, आईलाही सांगितलं नाहीये."

आत दोघी बायका दगड झाल्या.

"ऐकतेस ना?"

"ऐकलं," मुरिंगो म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. गाथोनीला त्या पोरीचं नवल वाटलं.

"निघायच्या आत झालं तर बरं होईल," कामुन्या म्हणाला. मग थोडं थांबून, "जे होईल ते जगू दे." त्याची पावलं लांब गेली.

मुरिंगोने गाथोनीचं मनगट धरलं. "मावशी, ऐकलंस?"

"नाही."

"मावशी."

"मी काही ऐकलं नाही. मी म्हातारी आहे, मला कमी ऐकू येतं. तू जोर लाव."

फाटक बंद होतं. वायरुरी खंदकात होती, डोक्यावर बंदूकवाला उभा. निरोप न्यायला आता वाट उरली नव्हती. उरली होती ती एकच आरोळी, आणि तीही मूल आल्याशिवाय देता येत नव्हती. दाराशी काबुरा बसलेली. पोटातल्या पोराची आरोळी कुणी देतं का?

तिने देव राहतो त्या डोंगराच्या दिशेने तोंड केलं आणि मुलगी मागितली. आयुष्यभर तिने बायकांसाठी मुलगे मागितले होते, त्यांच्या सासवांच्या धाकाने. आज ती मुलगी मागत होती.

"मुलगा झाला तरी तीनच द्यायच्या," मुरिंगो कळांच्या मधे म्हणाली.

"गप्प बस. दम राख."

"आधी हो म्हण."

"तुझी सासू दाराशी बसलीये. ती आत येणार, फडकं सोडून बघणार. मग काय सांगू? मोजता येत नाही मला?"

"बघू दे."

"फासावर देतील मला."

"तुला एकटीला नाही देणार," मुरिंगो म्हणाली आणि तिला पुढची कळ आली.

दाराच्या फटीतून येणारा उन्हाचा पट्टा भिंतीवर चढत गेला, पिवळ्याचा तांबडा झाला. बाहेर बुटांचे आवाज यायला लागले, ठाण्याकडे माणसं जमत होती. मूल काही येईना. गाथोनीच्या मनात आलं, हे अंधार पडेपर्यंत येणारच नाही. तेवढ्यात डोकं दिसलं. मग हात कामाला लागले आणि थोडा वेळ ती भीती विसरून गेली.

मुलगा होता. धडधाकट, केसाळ, आल्याआल्या मुठी आवळलेल्या.

तिने नाळ कापली, तोंडातला चिकटा बोटाने काढला. बाळ रडलं.

"आलं का गं?" काबुराचा आवाज दाराशी आला. "आरोळी दे की. बाप उभा आहे इथे, निघालाय तो."

गाथोनी उठली. जन्माची आरोळी जिभेने द्यायची असते, जीभ टाळ्याला लावून भरभर हलवत, आणि तिला ओली जीभ लागते. तिच्या तोंडात थुंकीचा थेंब नव्हता. तिने मडक्यातलं पाणी घेतलं, ते अर्धं अंगावर सांडलं. मुरिंगो जमिनीवरून तिच्याकडे बघत होती. आपल्या मुलाला मुलीची आरोळी मिळणार हे त्या आईला दिसत होतं, आणि तिने नजर काढली नाही.

पहिली आरोळी फुटलीच नाही, नुसती हवा गेली. गाथोनीने परत श्वास घेतला. घळ लांब होती. आवाज पोचला नाही तर सगळं फुकट जाणार होतं. तिने डोळे मिटले आणि पोटातून आवाज काढला.

एक.

बाहेर कामुन्याचे पाय थबकले.

दोन. तीन.

आणि ती थांबली. सगळं गाव थांबल्यासारखं वाटलं. बाहेर कुणीतरी सुस्कारा टाकला, बाप असणार.

काबुरा आत आली. मुलगी झाली म्हणून तोंड पाडून वगैरे नाही, नातवंड ते नातवंड असं म्हणतच आली, आणि खाली बसून फडकं सोडलं. तिचा चेहरा बदलला.

"अगं, हा तर मुलगा आहे," ती म्हणाली. "गाथोनी, तुला म्हातारचळ लागला की काय? दम पुरला नाही होय? सरक, उरलेल्या दोन मी देते."

ती उठली, दाराकडे वळली, छाती भरून श्वास घेतला. गाथोनीने मागून झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला.

आपण हे केलं यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. काबुरा तिच्या दुप्पट अंगाची. ती धडपडली आणि गाथोनीच्या तळव्याला कडकडून चावली. गाथोनीने हात काढला नाही.

"दोन दिल्यास तर न्दुता मरते," ती काबुराच्या कानात म्हणाली. "माझी न्दुता. ती घळीत बसलीये. पाच झाल्या की ती खाली उतरणार, आणि तुझा कामुन्या तिथे बंदूक धरून बसणार. तिच्याकडेही बंदूक आहे, काबुरा. कोण पडेल ते तुलाही ठाऊक नाही आणि मलाही."

बोलून झालं. आता परत घेता येणार नव्हतं. होमगार्डच्या आईला तिने सगळं सांगून टाकलं होतं. काबुराचे दात तळव्यात तसेच रुतलेले होते.

"आणि तुला हे कुणी सांगितलं, ते विचारू नकोस," गाथोनी म्हणाली.

काबुराने विचारलं नाही. तिची नजर जमिनीवरच्या सुनेकडे गेली आणि तिथेच राहिली. मुरिंगोने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"आई?" बाहेरून कामुन्या म्हणाला. "तीनच ना?"

गाथोनीने हात काढला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. या बाईने आता तोंड उघडायचं आणि काय ते व्हायचं. ती भिंतीला टेकली.

काबुराने ओठांवरचं रक्त पुसलं. ते गाथोनीचं होतं.

"तीन ऐकल्यास ना?" ती ओरडली. "मग तीन ऊस आण. उगाच उभा काय राहिलास?"

कामुन्याने तीन ऊस आणून दाराबाहेर टाकले. टाकलेच, ठेवले नाहीत. मग तो ठाण्याच्या रोखाने गेला.

"उद्या माझ्या नातवाला त्याच्या पाच मिळाल्या पाहिजेत," काबुरा दबक्या आवाजात म्हणाली. अंधार पडला. तिघी कान देऊन बसून होत्या. चुलीतलं लाकूड तडकलं तरी गाथोनी दचकत होती. नदीकडून गोळीचा आवाज आला नाही. तो न येणं म्हणजे न्दुता जिवंत, हे तिला कळत होतं, तरी तिने कान काढला नाही.

उजाडता उजाडता होमगार्ड परत आले, दवाने भिजलेले आणि चिडलेले. ठाण्याचा मुखिया गितोंगा सरळ कामुन्याच्या दाराशी आला. मागे सगळे होमगार्ड, आणि त्यांच्यात कामुन्या.

"कुणीतरी कळवलं," गितोंगा मोठ्याने म्हणाला. "घळीत पायाचे ठसे आहेत, ताजे. येऊन परत गेले. काल या गावातून बाहेर एकच आवाज गेलाय. मूल बाहेर आणा. मला बघायचंय."

आत काबुराने बाळ उचललं, पण तिचे पाय हलेनात. एरवी आख्ख्या ठाण्याला शिव्या घालणारी बाई ती. तिने बाळ गाथोनीच्या हातात दिलं.

गाथोनी बाहेर गेली. डोळ्यांसमोर नुसते बूट दिसत होते. आता हे फडकं सोडणार, हे तिला कळलं, आणि कुणीतरी सोडण्यापेक्षा तिने आपणच सोडलं.

"मुलगा आहे," ती म्हणाली.

कामुन्याची मान वर आली.

"आणि आरोळ्या तीन?" गितोंगाने बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "का गं, म्हातारे?"

काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. तिला त्या घरातले ते दोघे मुलगे आठवले.

"याच्या आधीचे दोन माझ्याच हातावर आले. दोघांना मोठ्या हौसेने पाच-पाच आरोळ्या दिल्या. मरणाने ऐकल्या आणि येऊन घेऊन गेलं. तिसऱ्याला मुलीची दिली. म्हटलं, जाऊ दे पुढच्या दाराला."

"असं कुठे करतात?"

"तुला लहानपणी काय हाक मारायचे, गितोंगा?" तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "तरस. तुझ्या आईची तीन पोरं गेली होती, चौथा तू. मरणाला किळस यावी म्हणून तिने तुला तरस म्हटलं. तुलाही मीच काढलंय. तुझी आई हुशार की आम्ही वेड्या, ते तूच सांग."

मागे एक होमगार्ड फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. गितोंगाचा चेहरा काळवंडला. तो कामुन्याकडे वळला.

"तुला माहीत होतं हे? काल सगळा वेळ तू मुलगी झाली म्हणून रडत होतास."

कामुन्या बाळाकडे बघत होता. पहिल्यांदाच बघत होता. बाळाने मूठ तोंडाशी नेली. गाथोनीला वाटलं, याला विचार करायला फार वेळ लागतोय, इतका वेळ कुणी खोटं बोलायला लावत नाही, हा खरंच बोलणार.

"माहीत होतं," कामुन्या म्हणाला. "मरणाला फसवायचं तर तोंड पाडूनच बसावं लागतं. तुम्हा सगळ्यांना सांगितलं असतं तर त्यालाही कळलं असतं. आता कळलंच."

गितोंगा थुंकला आणि निघाला. बाकीचे त्याच्या मागे गेले. खंदकावरची घंटा वाजली.

कामुन्या थांबला. तो जवळ आला आणि बाळाच्या नाकाशी हात धरून त्याने श्वास बघितला. मग तसाच, मान खाली घालून हळू बोलला.

"नदीचं मी फक्त या भिंतीशी बोललो होतो, मावशी."

गाथोनीने फडकं परत गुंडाळलं.

"मी याच्यासाठी खोटं बोललो. तुझ्यासाठी नाही, आणि आत पडलीये तिच्यासाठीही नाही. हा जगला तर मी काही ऐकलं नाही. जर हा गेला, तुमच्या त्या तीन आरोळ्यांनी गेला..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तो मळ्याकडे गेला आणि दोन ऊस तोडून आणले. कालच्या तिनांशेजारी ते त्याने नीट, हाताने ठेवले.

"आता दे त्याच्या पाच," काबुरा आतून म्हणाली.

गाथोनीने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. शेवटी काबुराने बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाशी ओठ नेऊन, बाहेर कुणालाही ऐकू जाणार नाही अशा पाच आरोळ्या दिल्या.

दुपारी वायरुरी पाणी घेऊन आली. उंबराच्या मुळांतलं खाणं तसंच होतं, म्हणाली, पण वरच्या घळीत एका दगडावर रताळ्याचा ताजा वेल गुंडाळून ठेवलेला सापडला. न्दुता घरून निघाली ती रताळी खणायला. गाथोनीने तो वेल हातात घेतला, कमरेच्या गाठीत खोचला आणि रडली.

मग ती घरी गेली, आपली चटई गुंडाळून आणली आणि मुरिंगोच्या झोपडीत बाळाच्या उशाशी पसरली. किती दिवसांसाठी, हे कुणी विचारलं नाही. दारात कामुन्या बंदूक पुसत बसला होता.

बाळ शिंकलं. गाथोनीने त्याच्या छातीला कान लावला. दारात बंदूक पुसणारा हातही थांबला होता.